घरपोच दारू आणि त्रयस्थ वितरण सेवा: दारातल्या व्यवहाराची जबाबदारी कोणाची?

धागाकर्ता: मार्कंडेयकाठ

मागच्या महिन्यात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत पाहिलेल्या एका प्रसंगापासून सुरुवात करतो. संध्याकाळी सातच्या सुमारास डिलिव्हरी करणारा एक तरुण समोरच्या इमारतीखाली गाडी लावून उभा राहिला. त्याने फोन केला आणि जिन्यावरून नववी-दहावीतला एक मुलगा खाली आला. पिशवीतली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, पण ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काचेवर काच आपटल्याचा आवाज झाला आणि दोघेही क्षणभर थबकले. मुलाने चार आकडे सांगितले, तरुणाने ते मोबाईलमध्ये टाकले आणि तो पुढच्या कामाला गेला. त्या मुलाचे वडील माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी नंतर सरळच सांगितले की बाटल्या त्यांनीच मागवल्या होत्या, पैसे दुकानदाराला फोनवरून दिले होते, आणि एका ठिकाणचे सामान उचलून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या पार्सल सेवेला फक्त दुकानाचा पत्ता कळवला होता. पाय मुरगळला होता म्हणून मुलाला खाली पाठवले, इतकेच.

त्यांना यात वावगे काही वाटले नाही. मला मात्र तो प्रसंग अजून विसरता येत नाही, कारण या व्यवहारात चार जण होते आणि चौघांपैकी एकावरही काही विचारण्याची जबाबदारी आली नाही. दुकानदाराने पिणाऱ्याला पाहिले नाही. कंपनीने पिशवीत काय आहे हे विचारले नाही. नेणाऱ्या तरुणाला समोरच्याचे वय विचारण्याचा अधिकारच नव्हता, आणि वडिलांच्या दृष्टीने हे किराणा मागवण्यासारखेच होते.

आपल्याकडे दारूवरचे जवळजवळ सगळे निर्बंध दुकानाच्या जागेला बांधलेले आहेत. शाळा, देऊळ, दवाखाना यांपासून १०० मीटरच्या आत परवाना मिळत नाही. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून किती अंतर सोडायचे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर ठरले. दुकान उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ ठरलेली आहे. या सर्वांमागे एक गृहीत आहे, ते म्हणजे गिऱ्हाईक चालत गल्ल्यापाशी येईल आणि गल्ल्यावरचा माणूस त्याचा चेहरा पाहील. दारू माणसाच्या दारात जाऊ लागली की शाळेपासूनच्या त्या १०० मीटरला काय अर्थ उरतो?

जुलै २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या की काही राज्ये जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या कंपन्यांमार्फत कमी तीव्रतेची मद्ये घरपोच देण्याचा विचार करत आहेत, आणि त्या यादीत कर्नाटकाचे नावही होते. त्यामुळे हा विषय पुन्हा येणार असे धरून चालावे. माझे मत आधीच मांडतो. परवानगी द्यायची की नाही यावर दुमत होऊ शकते. पण दिलीच, तर परवानाधारकाची जबाबदारी दुकानाच्या उंबऱ्यावर संपता कामा नये, आणि बाटली नेणाऱ्या माणसाला ती परत फिरवण्याचा अधिकार, स्वतःचा एक रुपयाही न गमावता, मिळालाच पाहिजे. आपल्या भागातल्या लोकांचे अनुभव वाचायला आवडतील.

प्रतिसाद: हलशीकर

विषय महत्त्वाचा आहे, पण ही सेवा पुढे कधीतरी येणार आहे असे जे आपण लिहिले आहे, त्याला खानापूर तालुक्यातून थोडी दुरुस्ती सुचवतो. बाहेरच्या माणसाने दारू दारात आणून देणे आमच्याकडे केव्हाच सुरू झालेले आहे. त्याला अ‍ॅप नाही, एवढाच फरक. परवान्याचे दुकान मोठ्या गावात असते, तिथून एखादा मुलगा दुचाकीला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून निघतो आणि आठ-दहा वाड्यांवर टेट्रा पॅक पोहोचवतो. मग पानपट्टीत, पिठाच्या गिरणीच्या मागे, किराणा दुकानात फळीखाली ठेवलेल्या पेटीतून ती विकली जाते. छापील किमतीवर वीस-तीस रुपये जास्त घेतले जातात आणि उधारीही चालते. उधारी चालते म्हणूनच ते भयंकर आहे, कारण आठवड्याची मजुरी हातात पडण्याआधीच संपलेली असते.

१ जुलै २००७ पासून कर्नाटकात अरॅक, म्हणजे पाकिटातून मिळणारी स्वस्त देशी दारू, बंद झाली तेव्हा आमच्या गावच्या बायकांनी मोठ्या आशेने सुटकेचा श्वास टाकला होता. पाकिटे गेली, पण त्यांची जागा स्वस्त व्हिस्कीच्या ९० आणि १८० मिलिलिटरच्या खोक्यांनी घेतली. २०१९ च्या जानेवारीत चित्रदुर्गाहून बेंगळुरूपर्यंत हजारो ग्रामीण स्त्रिया दारूबंदीसाठी चालत गेल्या, त्यांच्या तक्रारींत गावोगावच्या या चोरट्या विक्रीची तक्रार ठळक होती. तेव्हा नियम करायचे असतील तर या दुचाकीवाल्यापासून करा. मोठ्या कंपनीचा माल निदान नोंदलेला असेल. याची नोंद कुठेच नाही.

प्रतिसाद: कॅम्पवासी

मूळ लेख आणि प्रतिसाद दोन्ही वाचले आणि दोन्हींतली कळकळ मान्य आहे. तरीही दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहिते. मी नोकरी करणारी बाई आहे, चाळिशी ओलांडली आहे आणि महिन्यातून एखाद्या वेळी घरी वाइन घेते. ती आणायला वाइन शॉपच्या जाळीसमोर उभे राहावे लागते तेव्हा आजूबाजूच्या पुरुषांच्या नजरा, मुद्दाम लागणारे धक्के, आणि गल्ल्यावरच्या माणसाचे “कोणासाठी पाहिजे, मॅडम?” हे विचारणे यांतून जे वाट्याला येते, ते इथल्या बहुतेक पुरुष सदस्यांनी कधी अनुभवले नसेल. माझ्यासाठी घरपोच सेवा ही चैन नाही, मानाने राहण्याची सोय आहे.

दुसरा मुद्दा वाहने चालवण्याचा. घरात बसलेल्या चार मित्रांची बाटली संपली की त्यांतला एक जण त्याच अवस्थेत गाडी काढतो. तो ज्या रस्त्यावर जातो त्याच रस्त्यावर आपली मुले शिकवणीहून परत येत असतात. बाटली घरी येत असेल तर तो घरातच राहील. म्हणून बंदीपेक्षा नीट आखलेली परवानगी मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रतिसाद: कित्तूरकर

मी वकिली करतो, त्यामुळे कायद्यापुरते बोलतो. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ चा आहे. सध्याच्या कायद्यात आणि नियमांत ऑनलाइन मागणी घेऊन दारू घरपोच देण्याची तरतूद नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका अ‍ॅप कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे धागाकर्त्यांनी पाहिलेला व्यवहार नियमांच्या फटीतला नाही, तो नियमांच्या बाहेरचा आहे. ही सेवा सुरू करायची तर आधी कायद्यात किंवा नियमांत बदल करावा लागेल, आणि त्या वेळी हरकती नोंदवायला वाव असेल.

कंपन्यांना असा धंदा करण्याचा मूलभूत हक्क आहे का, असेही विचारले जाते. नाही. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेय म्हणून दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणाही नागरिकाला नाही. राज्य तो पूर्ण बंद करू शकते किंवा हव्या त्या अटींवर चालू देऊ शकते. अटी कितीही कडक असल्या तरी त्या घालण्याचा राज्याचा अधिकार शाबूत आहे. न्यायालय आडवे येईल, ही सबब इथे चालणार नाही.

वयाच्या बाबतीत मात्र आपल्या राज्यातच गोंधळ आहे. कायद्याच्या कलम ३६ मध्ये १८ वर्षे धरलेली आहेत आणि १९६७ च्या नियमांत २१. जानेवारी २०२३ मध्ये नियमांतले वय १८ वर आणण्याचा मसुदा निघाला, लोकांनी विरोध केला आणि सरकारने तो मागे घेतला. दारात उभा असलेला डिलिव्हरी करणारा मुलगा कोणते वय तपासणार, हे आधी एका ठिकाणी लिहिले गेले पाहिजे.

प्रतिसाद: बाची_नाका

कित्तूरकर साहेबांनी एका राज्यातला वयाचा गोंधळ सांगितला, आमच्या गावाजवळ तो दुप्पट होतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी येते आणि तिथे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र सुरू होतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, शिवाय पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. दुसऱ्या अंगाने चोर्ला घाट उतरला की गोव्यात १८. तासा-दीड तासाच्या वाटेत तीन राज्ये आणि वयाचे तीन निरनिराळे हिशेब.

आता अ‍ॅपचा विचार करा. शेते, घरे, सोयरिकी सगळे दोन्हीकडे पसरलेले आहे. नकाशावरचा ठिपका शंभर-दोनशे मीटर इकडे तिकडे पडणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. बेळगावच्या दुकानातली बाटली, जिच्या लेबलावर ती फक्त कर्नाटकात विकण्यासाठी आहे असे छापलेले असते, ती त्या ठिपक्यामागे जाऊन शिनोळीतल्या घरात पोहोचली तर तो मुंबई दारूबंदी कायदा १९४९ खालचा गुन्हा ठरतो. त्या कायद्याचे नाव आता बदलले असले तरी जप्ती आणि अटक तशीच आहे, आणि पोलीस पकडतात ते कंपनीला नाही, गाडीवरच्या मुलाला. कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याचा माल घेऊन येणारी किती तरी पोरे अशीच सापडतात. माल कोणाचा होता ते बहुतेक वेळा पुढे येतच नाही.

प्रतिसाद: मार्कंडेयकाठ

बाची_नाका यांचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. सीमेपासून ठरावीक अंतराच्या आत घरपोच सेवा असूच नये, अशी अट मागता येईल असे वाटते. निवडणुकीच्या वेळी शेजारच्या राज्यात मतदान असले की सीमेलगतची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश निघतात, म्हणजे सीमेचा पट्टा वेगळा धरण्याची पद्धत प्रशासनाला नवी नाही.

कॅम्पवासी ताई, आपला पहिला मुद्दा मला मनापासून पटला आणि या धाग्याची सुरुवात करताना तो माझ्या विचारात नव्हता, हे कबूल करतो. मात्र दुकानात स्त्रीला मानाने वागवले जात नसेल तर ते दुकान सुधारले पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. परवान्याच्या अटींत तेही यायला हवे.

इतर राज्यांनी २०२० मध्ये काय केले ते पाहण्यासारखे आहे. टाळेबंदीत, ८ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना घरपोच विक्रीचा विचार करावा असे सुचवले होते. महाराष्ट्राने परवानगी दिली, पण माल दुकानाच्या स्वतःच्या माणसांनीच न्यायचा, एका दुकानाला अशी १० पेक्षा जास्त माणसे नेमता येणार नाहीत आणि एकाने एका वेळी २४ पेक्षा जास्त बाटल्या न्यायच्या नाहीत, असे बंधन घातले. झारखंडने रांचीपासून सुरुवात करून जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्यांना वाट मोकळी केली. तिथे मागणी करणाऱ्याने ओळखपत्र आणि स्वतःचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा आणि माल घेताना ओटीपी सांगायचा अशी व्यवस्था होती. दोन्हींतला फरक लक्षात घ्यावा. पहिल्या पद्धतीत चूक झाली तर दुकानाचा परवाना धोक्यात येतो. दुसऱ्या पद्धतीत ओटीपी जुळला की सर्वांची सुटका होते, आणि ओटीपी चौथीतले मूलही सांगू शकते.

प्रतिसाद: रात्रपाळी

मी या धाग्यावर लिहावे की नाही, दोन दिवस विचार करत होतो. मी बेळगाव शहरात डिलिव्हरीचे काम करतो, चार वर्षे झाली. सध्या फक्त जेवण आणि पार्सल. पार्सलमध्ये काय आहे हे आम्हाला सांगितले जात नाही, पण वजनावरून आणि हलवल्यावर कळते.

टिळकवाडीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रात्री अकराला असेच एक पार्सल घेऊन गेलो होतो. दार उघडणाऱ्या माणसाला उभे राहता येत नव्हते, त्याने चौकट धरली होती. मागे एक बाई हात जोडून मला मानेने ‘नको, नको’ असे खुणावत होती. मी पार्सल खाली ठेवले नाही आणि सेवा केंद्राला फोन लावला. तिकडून सांगितले गेले की ग्राहक घरात हजर आहे, तेव्हा माल देणे बंधनकारक आहे, परत आणला तर फेरीचे पैसे मिळणार नाहीत आणि तक्रार आली तर आयडी बंद होऊ शकतो. त्या दिवशीचा हिशेब पूर्ण व्हायला माझ्या आणखी दोन फेऱ्या बाकी होत्या. मी पार्सल दिले. त्या बाईंनी माझ्याकडे पुन्हा पाहिले नाही.

तेव्हा नियम करणाऱ्यांना सांगा की वय तपासा, शुद्धीत आहे का पाहा, हे सगळे आम्ही करू. आम्हालाही घरे आहेत. पण परत फिरलेल्या फेरीचे पूर्ण पैसे आणि आयडीला संरक्षण, हे लिहून मिळाल्याशिवाय कोणीही करणार नाही, कारण करता येणार नाही.

प्रतिसाद: कित्तूरकर

रात्रपाळी यांनी हे लिहिले याबद्दल त्यांचे आभार मानतो. या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा दाखला उपयोगी पडेल. तिथे त्याच दिवशी पोहोचवल्या जाणाऱ्या दारूसाठी २०२१ पासून स्वतंत्र नियम आहेत. पोहोचवणाऱ्याला प्रशिक्षण घ्यावे लागते, वय पाहावे लागते, नशेत असलेल्या माणसाला माल देता येत नाही, आणि अशा कारणाने त्याने माल परत नेला तर त्याचे आर्थिक नुकसान करण्यास कंपनीला मनाई आहे. ही शेवटची अट नसती तर बाकीच्या कागदावरच राहिल्या असत्या.

आपल्याकडे २०२५ मध्ये कर्नाटकाने अ‍ॅपवर काम करणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला आहे आणि कारण लेखी देऊन १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काम बंद करता येणार नाही अशी तरतूद त्यात आहे. दारूच्या नियमांत या कायद्याचा स्पष्ट उल्लेख करून ‘माल नाकारणे हे काम बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही’ एवढे एक वाक्य घालून घेतले पाहिजे.

प्रतिसाद: वडगावची_आक्का

रात्रपाळी, बाळा, त्या बाईंच्या जागी मी अनेक वर्षे उभी होते, म्हणून तुझे लिहिणे वाचून खूप वेळ काही सुचेना. तू मनाला लावून घेऊ नकोस.

माझा धाकटा भाऊ मागावर काम करायचा. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून तो परत आला, तेव्हा तिथल्या समुपदेशकांनी आम्हाला सांगितले होते की कामावर जाण्या-येण्याचा रस्ता बदला. वाटेत दोन दुकाने लागायची, म्हणून तो लांबच्या बोळातून जाऊ लागला. वीस मिनिटे जास्त लागायची. त्या वीस मिनिटांवर आमचे घर उभे होते, असे म्हटले तरी चालेल. इच्छा होते, वाढते आणि चालत राहिले की ओसरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी स्वतः जवळच्या तिन्ही दुकानांत भावाचा फोटो घेऊन गेले आणि हात जोडून सांगितले की याला देऊ नका. दोघांनी शब्द दिला आणि पाळला. तिसऱ्याने धंदा आहे म्हणून सांगितले, पण पुढे त्यानेही एकदा परत पाठवले.

आता हातातल्या फोनवर दहा मिनिटांत दारू येणार असेल तर रस्ता कुठला बदलायचा? फोटो घेऊन मी कोणत्या गल्ल्यावर जायचे? मला परवाने आणि कलमे कळत नाहीत. एवढेच मागणे आहे की ज्याला स्वतःला दारूपासून दूर राहायचे आहे त्याने आपला नंबर आणि आधार एकदा नोंदवला की कुठल्याच कंपनीने त्याला देऊ नये, आणि ती नोंद मोहाच्या क्षणी काढून टाकता येऊ नये.

प्रतिसाद: कॅम्पवासी

आक्का, तुमच्या या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मागणी केल्यापासून निदान दोन तासांनी माल मिळावा असा नियम झाला तरी माझ्यासारखीचे काहीही बिघडणार नाही. वाइन मला दहा मिनिटांत नको आहे. घाईची सोय ज्यांना लागते त्यांच्यासाठी ती सोय घातकच आहे, हे तुमचे लिहिणे वाचताना मला उमगले.

प्रतिसाद: निपाणीकर

माझे सीएल-२ परवान्याचे, म्हणजे किरकोळ दारूविक्रीचे, दुकान आहे. माल सरकारी महामंडळाकडून घ्यायचा, छापील किमतीला विकायचा, बाटलीवरच्या अबकारी लेबलाचा हिशेब ठेवायचा, यात आमच्या हातात राहते ते बेताचेच. मधे कंपनी आली की ती तिचा वाटा मागणार आणि छापील किमतीच्या वर घेता येत नसल्याने तो आमच्यातूनच जाणार. त्यामुळे आमच्यातले बरेच जण या योजनेच्या विरोधात आहेत, हे स्वार्थाचे कारण आधीच सांगून टाकतो.

पण मला जास्त काळजी वाटते ती जबाबदारीची. पार्सलवाले मुलगे माझ्याकडेही येतात. गर्दीच्या वेळी कोण स्वतःसाठी घेतो आणि कोण दुसऱ्यासाठी, हे मी आजपर्यंत पाहिले नाही. धागाकर्त्यांचा पहिला प्रसंग वाचल्यापासून मी पार्सलची पिशवी पाठीवर असलेल्याला माल देणे थांबवले आहे. गिऱ्हाइके बोलतात, पण सांगतो मी त्यांना. माझे म्हणणे इतकेच की जबाबदारी माझी ठेवायची असेल तर माणूसही माझा असू द्या, महाराष्ट्राने केले तसा. ज्याला मी ओळखत नाही, ज्याला मी कामावरून थांबवू शकत नाही, त्याच्या चुकीसाठी माझा परवाना जाणे अन्यायाचे होईल. कंपनीला माणूस तिचा हवा असेल तर तिनेही स्वतंत्र परवाना घ्यावा आणि अनामत भरावी, म्हणजे दंड कोणाकडून वसूल करायचा ते कळेल.

प्रतिसाद: हलशीकर

निपाणीकर, आपण दुकानदार असून हे लिहिलेत, ते फार मोलाचे वाटले. फक्त वाड्यांवर माल नेणाऱ्या दुचाकीवाल्यांनाही असेच थांबवा. एका माणसाला एका दिवसात किती टेट्रा पॅक दिले याची नोंद दुकानाकडून मागितली गेली, तर आमच्याकडची अर्धी चोरटी विक्री आपोआप उघडी पडेल.

प्रतिसाद: मार्कंडेयकाठ

सर्वांचे म्हणणे एकत्र करून मी एक निवेदन लिहायला घेतले आहे. त्यात परवानाधारकाने स्वतःची माणसे नेमावीत किंवा कंपनीने वेगळा परवाना घ्यावा, माल घेणाऱ्याचे ओळखपत्र दारात पाहावे आणि केवळ ओटीपीवर भागवू नये, परत आणलेल्या फेरीचे पूर्ण पैसे मिळावेत, स्वतःहून नाव नोंदवणाऱ्यांची यादी सर्वांवर बंधनकारक असावी, आणि सीमेच्या पट्ट्यात सेवा नसावी, हे आले आहे. दोन तासांचा मुद्दा आणि दुचाकीवाल्यांच्या नोंदीचा मुद्दाही घेतो. आक्कांची मागणी त्यांच्याच शब्दांत, सर्वांत आधी ठेवणार आहे.

कित्तूरकर, मसुदा निघण्याची वाट पाहायची की आधीच अबकारी उपायुक्तांकडे द्यायचे?

प्रतिसाद: कित्तूरकर

आधीच द्या आणि पोच घ्या. मसुदा राजपत्रात आला की हरकतींना दिवस मोजकेच मिळतात, तेव्हा तेच निवेदन पुन्हा पाठवता येईल. मात्र मराठीबरोबर कन्नड प्रतही जोडा, नाहीतर ते टेबलावर पडून राहील.

प्रतिसाद: निपाणीकर

कन्नड मी करून देतो. मुलीचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले आहे, ती तपासून देईल. रविवारपर्यंत मराठी मजकूर पाठवा.